पास्टरेट कमिटीस खुले पत्र : ते पुस्तक ‘मागाहून घातलेलं’ नाही

प्रति,
पास्टरेट कमिटीचे सर्व सभासद आणि रविवार शाळेचे शिक्षक यांस,
सांगली

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या सासूबाईंना आपण सगळ्यांनी मिळून माती दिली. पावसाची उघडझाप चालू होती. दफनभूमीतली काळी माती चपलांना चिकटून पाय जड करत होती. पाळकसाहेबांचं वाचन झालं, तेविसावं स्तोत्र झालं, नारायण वामन टिळकांचं एक पद झालं. मग आमची सून पुढं आली. ती वसईची, कॅथलिक घरातली. आईंची शेवटची चार वर्षं तिनंच निभावली. न्हाऊ घालायची, औषधं द्यायची आणि संध्याकाळी वाचून दाखवायची. आईंची नजर गेली होती, कान मात्र शाबूत होते. सुनेच्या बायबलातला एक उतारा त्यांना फार आवडायचा. ‘ते देवाच्या हातातलं वाच गं,’ म्हणायच्या. नीतिमानांचे जीव देवाच्या हातात आहेत, त्यांना आता कसलीच यातना शिवणार नाही, अशा अर्थाचा तो उतारा. शलमोनाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय. सुनेच्या दोन ओळी वाचून झाल्या असतील-नसतील, तोच कमिटीतले एक ज्येष्ठ हात वर करून म्हणाले, “बाळ, थांब. ते आपलं शास्त्र नव्हे. रोमन कॅथलिक लोकांनी मागाहून घातलंय ते.”

सुनेनं पुस्तक मिटलं.

मी तेव्हा गप्प राहिले. उघड्या कबरीपाशी वाद कोण घालणार? आणि त्या ज्येष्ठांवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. आईंच्या आजारपणात मिरजेहून औषधं आणायला तेच धावत होते. नंतर मी कमिटीला एक चिठ्ठी दिली. ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ असं उत्तर आलं. त्यानंतर बैठका बऱ्याच झाल्या, विषय काही आला नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. आपल्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि हेच वाक्य मिरजेपासून कराडपर्यंत कृष्णाकाठच्या कितीतरी मंडळ्यांत म्हटलं जातं हेही मला ठाऊक आहे.

आपलं शास्त्र ६६ पुस्तकांचं आहे ते कॅथलिकांसारखं ७३ चं करा, असं माझं मागणं नाही. मी ६६ वर वाढले, ६६ वरच मरेन. रविवार शाळेत तीस वर्षं मुलांकडून ‘उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद’ पाढ्यांच्या चालीवर घोकून घेतलं. पण ही यादी केली कुणी, कधी, कशावरून, हे एकाही मुलाला सांगितलं नाही. कारण मलाच कुणी सांगितलं नव्हतं. आई गेल्यावर वाचायला बसले तेव्हा समजत गेलं. तेव्हा या पत्रात दोष द्यायचाच तर पहिला माझ्या पदरात घाला.

या यादीला ‘कॅनन’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्द ‘कानोन’. त्याचा अर्थ बोरूसारखी सरळ काठी, मोजायचा गज. ऊस म्हणजे ‘केन’, तो शब्दही याच बोरूच्या कुळातला. म्हणजे सांगलीच्या कारखान्यावर गाडी रिकामी करणारा ऊसतोड कामगार आणि इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा बिशप एकाच शब्दाची दोन टोकं धरून उभे आहेत. हाच ‘कानोन’ अरबीतून आपल्याकडे ‘कानून’ होऊन आला, आणि मराठेशाहीच्या कागदांत ‘कानूजाबता’ म्हणून बसला. गज आधी असतो, भिंत मागून तपासतात. पुस्तकांच्या बाबतीत मात्र गंमत अशी की पुस्तकं आधी वाचली जात होती, गज मागून हातात आला.

आता ‘मागाहून घातलं’ याकडे येते.

येशूच्या जन्माआधीच्या दोन-तीनशे वर्षांत अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांची, म्हणजे ज्यूंची, घरातली भाषा ग्रीक झाली होती. त्यांच्यासाठी इब्री (हिब्रू) शास्त्राचं ग्रीक भाषांतर होत गेलं, त्याला सेप्टुआजिंट म्हणतात. त्या ग्रीक संग्रहासोबत तोबित, यहूदीथ, सिराख, मक्काबी अशी पुस्तकंही फिरत होती. पौलानं ज्या मंडळ्यांना पत्रं लिहिली त्यांच्या हातात शास्त्र होतं ते बहुतेक हेच, ग्रीकमधलं. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत गुंडाळ्या सापडत गेल्या, त्यात तोबितच्या अरामी आणि इब्री प्रतींचे तुकडे निघाले, सिराखचाही इब्री तुकडा निघाला. या प्रती पोपच काय, पहिलं शुभवर्तमान लिहिलं जाण्याच्याही आधीपासूनच्या आहेत. त्याच गुहांत एस्तेरचा मात्र एकही तुकडा मिळालेला नाही. ज्या एस्तेरवर आपण महिला संघात दर वर्षी नाटुकलं बसवतो, ती एस्तेर.

आईंच्या आवडीचा ज्ञानग्रंथ शलमोनाचा नाही, हे खरं. तो ग्रीकमध्येच लिहिला गेला, बहुधा अलेक्झांड्रियात, शलमोनानंतर कितीतरी शतकांनी. एवढ्यापुरतं त्या ज्येष्ठांचं म्हणणं मला मान्य. पण इब्री लोकांस पत्राच्या पहिल्या अध्यायात ख्रिस्ताला देवाच्या गौरवाचं तेज म्हटलं आहे, तिथं वापरलेला दुर्मीळ ग्रीक शब्द याच ज्ञानग्रंथाच्या सातव्या अध्यायात ज्ञानासाठी आलेला आहे. त्या पत्राच्या लेखकाच्या कानावरून हा ग्रंथ गेला असावा, असं वाटल्यावाचून राहत नाही. आणि नव्या करारातल्या पुस्तकांची एक फार जुनी यादी इटलीतल्या विद्वान मुरातोरीला सापडली, ती त्यानं १७४० मध्ये छापली. सहसा ती दुसऱ्या शतकाच्या अखेरची मानतात. तिच्यात इब्री लोकांस पत्र नाही, याकोबाचं नाही, पेत्राची दोन्ही नाहीत. ज्ञानग्रंथ आहे! नव्या कराराच्या यादीत! शलमोनाच्या मित्रांनी त्याच्या सन्मानार्थ लिहिला, असं म्हणून.

आपल्या पक्षाचा खरा वकील जेरोम. चौथ्या शतकाच्या शेवटी त्यानं लॅटिन बायबल तयार करताना आग्रह धरला की जुना करार इब्रीत आहे तेवढाच. यहुद्यांच्या मोजणीनं पुस्तकं २४, पण मजकूर तोच जो आपण ३९ करून मोजतो. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याला हे पटलं नाही. उत्तर आफ्रिकेत हिप्पोच्या सभेत ३९३ मध्ये आणि कार्थेजच्या सभेत ३९७ मध्ये जी यादी मान्य झाली ती मोठी होती, तोबित-मक्काबीसकट. म्हणजे आजच्या भांडणाचे दोन्ही पक्ष सोळाशे वर्षांपूर्वीच उभे होते आणि दोघेही एकाच मंडळीत प्रभुभोजन घेत होते. आता जेरोमचं पुढचं वाक्य ऐका. सिराख आणि ज्ञानग्रंथ या दोन पुस्तकांविषयी तो म्हणतो की मंडळीनं ती लोकांच्या उन्नतीसाठी वाचावी, सिद्धांत सिद्ध करण्यासाठी नाही. ज्या माणसाच्या जोरावर आपण ती पुस्तकं बाहेर ठेवली, त्यानंच ती वाचायला परवानगी दिलेली आहे.

प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरनं १५३४ च्या जर्मन बायबलात ही पुस्तकं काढून टाकली नाहीत. दोन करारांच्या मध्ये वेगळी ठेवली आणि वर लिहिलं की ही पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, पण वाचायला उपयोगी आणि चांगली आहेत. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलातही ती मध्ये छापलेली होती. कॅथलिकांनी ट्रेंटच्या सभेत ८ एप्रिल १५४६ रोजी ती शास्त्रच आहेत असं ठामपणे जाहीर केलं, तेव्हा भिंत उंच झाली. मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी की नाही, हा त्या काळचा पेटता वाद होता आणि मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात अशा प्रार्थनेचं उदाहरण आहे. आपल्या बाजूच्या लोकांना ते पुस्तक खुपण्याची कारणं होती. मी ती हलकी मानत नाही.

मग ती पुस्तकं आपल्या हातातल्या जिल्दीतून गेली कधी? याचं उत्तर मला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडलं. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी १८०४ साली स्थापन झाली. युरोपातल्या काही देशांसाठी बायबल छापताना ही जादा पुस्तकं घालायची की नाही यावरून तिच्यात मोठी भांडणं झाली. स्कॉटलंडच्या शाखा हटून बसल्या, आमच्या वर्गणीतला एक पैसाही त्यावर खर्च होता कामा नये म्हणाल्या. १८२६ मध्ये तसा ठराव झाला. मराठी नवा करार मिशनरी विल्यम कॅरीच्या बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८११ मध्येच आला होता, पुढं जुनाही आला, पण आपल्याकडे पसरलं ते मुंबईहून निघालेलं संपूर्ण मराठी बायबल त्यानंतरचं. म्हणजे आपल्या पणज्यांच्या हातात अख्खं बायबल पडलं ते हा निकाल लागून गेल्यावर. जे कधी बघितलंच नाही ते दुसऱ्याकडे दिसलं की ‘यांनी घातलं’ असं वाटणारच. शेजाऱ्याच्या घराला माळा आहे आणि आपल्याला नाही, म्हणून त्यानं तो नंतर बांधला असं होत नाही.

आता आपल्या घरचा कानून. आपल्या मंडळीचं मूळ प्रेस्बिटेरियन मिशनमध्ये. प्रेस्बिटेरियनांचा वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो याचं लेखी निवेदन, १६४६ साली लिहून झाला, त्याच्या पहिल्याच प्रकरणात ६६ पुस्तकांची नावानिशी यादी आहे. त्याखाली म्हटलं आहे की बाकीची पुस्तकं ईश्वरप्रेरित नाहीत, मंडळीवर त्यांचा अधिकार नाही, आणि इतर मानवी लेखनापेक्षा त्यांना जास्त मान देऊ नये किंवा त्यांचा जास्त वापर करू नये. हे कडक आहे. पण नीट वाचा: इतर मानवी लेखनापेक्षा जास्त नको. म्हणजे इतर मानवी लेखनाइतका चालेल!

त्या दिवशी कबरीपाशी आपण टिळकांचं पद म्हटलं की नाही? नारायण वामन टिळक मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये साताऱ्यात आले आणि तिथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांची पदं आपण डोळे मिटून, गहिवरून गातो. कुणी उठून ‘हे आपलं शास्त्र नव्हे’ म्हणत नाही, कारण ते शास्त्र नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी ते आपलं आहे. अंत्यविधीत टिळक चालतात, तर ख्रिस्ताच्या काळाच्या आसपास कुणा यहूदी भक्तानं मरणाविषयी लिहिलेल्या चार ओळी का चालू नयेत? सुनेनं ‘हे देवाचं वचन’ असं म्हटलंही नव्हतं. नुसतं वाचत होती.

जुन्या कराराचं एवढं पुरे. नव्याबद्दल तुमच्याशी, विशेषतः रविवार शाळेच्या शिक्षकांशी, वेगळं बोलायचं आहे, कारण तिथं आपण मुलांना गमावतो आहोत.

तरुण संघात अकरावीतल्या एका मुलानं विचारलं, “बाई, बायबलमधली पुस्तकं रोमच्या बादशहानं मतदान घेऊन ठरवली, खरं का?” त्याच्या फोनवर तसा व्हिडिओ आला होता. त्याला उत्तर काय मिळालं? असले व्हिडिओ बघू नकोस. मुलगा हसला. त्यानंतर तो दोनदाच आला.

त्याला सांगायला हवं होतं ते इतकं अवघड नाही. इ. स. ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहानं नायसीया इथं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बिशपांची सभा भरवली, हे खरं. तिथं येशू देवानं निर्माण केलेला आहे असं सांगणाऱ्या एरियसच्या शिकवणीचा निकाल लागला, पुनरुत्थान सणाच्या तारखेचा लागला, वीस नियम झाले. त्या नियमांनाही ‘कॅनन’च म्हणतात, घोटाळ्याचं एक मूळ तिथंही असेल. पण त्या नियमांत पुस्तकांची यादी नाही. सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली आणि खोटी खाली राहिली, ही चमत्काराची गोष्ट नवव्या शतकातल्या एका ग्रीक संकलनातून आली. पुढे फ्रेंच लेखक व्हॉल्तेरनं तिची टर उडवली आणि टिंगलीबरोबर गोष्टही जगभर पसरली. बादशहानं इतिहास लिहिणारा बिशप युसेबियस याच्याकडे बायबलच्या पन्नास प्रती मागवल्या होत्या, तेही खरं. प्रती मागवणं म्हणजे यादी ठरवणं नाही.

खरी हकिकत यापेक्षा कितीतरी रंगतदार आहे. मला त्यातला सगळ्यांत आवडलेला माणूस सेरापियन. इ. स. २०० च्या सुमारास तो अंत्युखियाचा बिशप होता. त्याच्या ताब्यातल्या ऱ्होसस नावाच्या गावी मंडळीत कुरबूर चालली होती, कारण काही लोक ‘पेत्राचं शुभवर्तमान’ वाचत होते. सेरापियन तिथं गेला, पुस्तक न चाळताच म्हणाला, एवढंच भांडण असेल तर वाचा बापडे. परत आल्यावर त्याच्या कानावर आलं की येशूचं शरीर खरं नव्हतं, नुसता भास होता, असं मानणाऱ्यांचा या पुस्तकावर जीव आहे. तेव्हा त्यानं त्याच लोकांच्या वर्तुळातून प्रत मिळवली, बसून वाचली, आणि कळवलं की बरंचसं ठीक आहे, पण काही भर घातलेली आहे. मी लवकरच येतो. ही हकिकत युसेबियसनं जपून ठेवली. सेरापियन आधी चुकला, मग त्यानं वाचलं, मग निकाल दिला आणि कारण लिहून दिलं. कबरीपाशी हात वर करणाऱ्या आमच्या ज्येष्ठांनी ज्ञानग्रंथ वाचला आहे का, हे मी त्यांना कधीतरी चहावर विचारणार आहे.

अशी दोनशे-अडीचशे वर्षं गावोगाव चाललं. पौलाची पत्रं एका मंडळीतून दुसरीकडे उतरवून जात होती. ‘हे पत्र लावदिकीयाच्या मंडळीतही वाचा आणि त्यांच्याकडचं तुम्ही वाचा,’ असं कलस्सैकरांस पत्रातच सांगितलं आहे. लावदिकीयाकडचं ते पत्र आज कुणाजवळ नाही, आणि त्या नावानं जे निघालं ते बनावट. मुरातोरीच्या यादीनं पौलाच्या नावाची खोटी पत्रं नाकारताना म्हटलं की मधात पित्त कालवणं बरं नव्हे. हे वाचताना मला आपले नाथ आठवले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि बजावलं की यापुढं जो हिच्यात आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. मधात पित्त, अमृतात नरोटी! पैठण आणि रोम, मध्ये तेरा-चौदाशे वर्षं, आणि काळजी एकच. शेवटी ‘तुका म्हणे’ लावलं म्हणजे अभंग तुकोबांचा होत नाही, हे आपल्याला कीर्तन ऐकणाऱ्या शेजाऱ्यांनी शिकवायला हवं असं नाही. पेत्राचं नाव घातलं म्हणून पुस्तक पेत्राचं होत नाही, हेही तसंच.

तपासायचे कसे? प्रेषितांपर्यंत किंवा त्यांच्या सोबत्यांपर्यंत धागा पोचतो का, मिळालेल्या विश्वासाशी जुळतं का, आणि दूरदूरच्या मंडळ्या ते उपासनेत वाचतात का, असे प्रश्न होते. मात्र हे तीन प्रश्न फळ्यावर लिहून गुण दिले, असं कुणी समजू नये. इब्री लोकांस पत्र कुणी लिहिलं, यावर तिसऱ्या शतकातला विद्वान ओरिगन यानं ‘ते देवालाच माहीत’ म्हणून सोडून दिलं, तरी ते पत्र आत आलं. पश्चिमेला त्याची शंका होती, पूर्वेला प्रकटीकरणाची. यहूदाच्या चिमुकल्या पत्रात हनोखाच्या पुस्तकातलं वाक्य नाव घेऊन दिलं आहे. पत्र आपल्या शास्त्रात आहे, हनोखाचं पुस्तक नाही. इथियोपियाच्या मंडळीत मात्र तेही आहे. त्यांची मोजणी ८१ ची. केरळच्या सुरियानी ख्रिस्ती लोकांकडे जे सिरियाक बायबल होतं त्याच्या मूळ नव्या करारात २२ च पुस्तकं. पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं-तिसरं, यहूदा आणि प्रकटीकरण ही नव्हती. १५९९ मध्ये उदयम्पेरूरच्या सभेत पोर्तुगीजांनी ती भरून घ्यायला लावली. म्हणजे भारताच्या भूमीवर शेकडो वर्षं ख्रिस्ताची उपासना प्रकटीकरणाशिवाय चालली होती. विश्वास काही बुडाला नाही.

आपली २७ ची यादी, जशीच्या तशी, पहिल्यांदा दिसते ती ३६७ मध्ये. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस दर वर्षी पुनरुत्थान सणाआधी मंडळ्यांना पत्र पाठवी, त्यातलं हे एकोणचाळिसावं. सभा नाही, मतदान नाही, बादशहा नाही. एका पाळकाचं परिपत्रक. त्यात २७ नावांनंतर तो आणखी एक छोटी यादी देतो: ही पुस्तकं कॅननमध्ये नाहीत, पण नव्यानं विश्वासात येणाऱ्यांना वाचून दाखवायची. त्या यादीत पहिलं नाव कुठलं असेल? शलमोनाचा ज्ञानग्रंथ. (आणि त्याच यादीत एस्तेरही आहे. महिला संघानं हे मनावर घेऊ नये.)

ज्या माणसाच्या परिपत्रकावर आपला नवा करार मोजला जातो, त्यानं हे पुस्तक वाचून दाखवा असं लिहून ठेवलं आहे, आणि आम्ही ते वाचणाऱ्या पोरीला कबरीपाशी थांबवलं. मला सलतं ते इथं.

मिरजेच्या एका लहान मुलीचा प्रश्न सांगते. तिच्या मुसलमान मैत्रिणीनं तिला सांगितलं की इसांनी, म्हणजे येशूनं, मातीचा पक्षी केला, फुंकर मारली आणि तो उडाला. “बाई, आपल्या बायबलात हे का नाही?” कुराणात तसा उल्लेख आहे. जुन्या ख्रिस्ती लेखनातही आहे: थोमाच्या नावावर फिरणाऱ्या बालपणाच्या शुभवर्तमानात पाच वर्षांचा येशू शब्बाथ दिवशी ओल्या मातीच्या बारा चिमण्या करतो आणि टाळी वाजवून उडवतो. गोड आहे. पण त्याच पुस्तकात धावताना खांद्याला धक्का देणाऱ्या पोराला तो शाप देऊन मारून टाकतो. मी मुलीला दोन्ही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “हा येशू वेगळाच वाटतो.” दुसऱ्या शतकातल्या मंडळ्यांना हेच वाटलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीला जे उमगतं ते आपण अकरावीतल्या मुलापासून लपवतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचं खालचं घर बुडालं. आईंचं बायबल माळ्यावरच्या ट्रंकेत होतं, तरी तळाकडून भिजलं. पाणी ओसरल्यावर गच्चीत जुनी साडी पसरून मी पानं सोडवत बसले. स्तोत्रसंहितेची पानं कडेनं झिजलेली, हळदीच्या बोटांचे डाग पडलेले. योहान तर मधोमध फाटून चिकटपट्टीनं जोडलेला. नहूम, ओबद्या, हबक्कूक कोरे करकरीत, एकमेकांना चिकटलेले. छापलेली यादी ६६ ची होती, आईंची यादी बोटांनी केलेली होती आणि बरीच लहान होती. पहिल्या मंडळ्यांची यादीही अशीच वापरानं तयार होत गेली असणार, असं तेव्हा वाटलं. पण नहूमची पानं उन्हात धरताना दुसरंही सुचलं. यादी नसती तर नहूम कधीच हरवला असता. आपल्याला न आवडणारी पानं यादीच जपून ठेवते. लूथरला याकोबाचं पत्र पटत नव्हतं, त्यानं ते गवताच्या काडीचं म्हटलं, १५२२ च्या नव्या करारात इब्री, यहूदा आणि प्रकटीकरणाबरोबर शेवटाला ढकललं. पण काढलं नाही. एवढा हट्टी माणूस, पण तिथं त्याचा हात थांबला. कॅनन म्हणजे काय ते मला या थांबलेल्या हातावरून जास्त कळलं.

तर मागणं दोन.

रविवार शाळेच्या मोठ्या वर्गाला आणि तरुण संघाला यंदा सहा रविवार या विषयावर द्या. मी शिकवते, माझं वय झालं असं वाटत असेल तर दुसऱ्या कुणी शिकवावं, मी टिपणं देते. कॅथलिक मुलं पाहुणी आली तर त्यांनाही बसू द्या, ७३ चं पुस्तक घेऊन.

दुसरं कमिटीसाठी. ‘ती पुस्तकं आपल्या कॅननमध्ये नाहीत’ हे म्हणा, खुशाल म्हणा, तो आपला विश्वासांगीकार आहे. ‘रोमन लोकांनी मागाहून घातली’ हे म्हणणं सोडा, कारण ते खरं नाही. आणि अंत्यविधीला घरच्या माणसाला काय वाचायचं आहे ते पाळकांनी आदल्या दिवशी विचारून घ्यावं. कबरीपाशी कुणाला थांबवायची वेळ येऊ नये.

येत्या ऑगस्टमध्ये आईंना जाऊन वर्ष होईल. त्या संध्याकाळी साडेसहाला आमच्या घरी प्रार्थना आहे. तेविसावं स्तोत्र त्या ज्येष्ठांनीच वाचावं अशी माझी विनंती आहे, आईंना त्यांचा आवाज आवडायचा. त्यानंतर सून ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय वाचेल, पहिल्या वचनापासून नवव्यापर्यंत, अर्ध्यात न थांबता. सगळ्यांनी यावं. पाऊस असला तर आमच्या गल्लीत पाणी साचतं, गाड्या चौकातच लावा.

आपली,
मंडळीची एक जुनी सभासद
सांगली